बसून झिजणारे यंत्र

गेल्या दिवाळीनंतर आमच्या तीर्थरूपांनी जिना उतरणे सोडले. वय ७२. "यंत्र जितके कमी चालवावे तितके अधिक टिकते, समजलास?" असे म्हणून आरामखुर्चीत जे बसले ते बसलेच! आम्ही पडलो मराठीचे प्राध्यापक; उत्तर सुचेना. शेवटी कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे या 'यंत्रा'ची चौकशी केली.

वाचकहो, आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजेच तंतुकणिका, असतात. खाल्लेल्या भाकरीतली ऊर्जा आणि श्वासातला प्राणवायू यांची गाठ तिथेच पडते. त्यातून शक्ती कशी निघते, याचा उलगडा १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सुचविला. कोयनेला उंचावर अडवलेले पाणी खाली सोडून चक्रे फिरवतात ना? तसेच कणिकेच्या आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात. ते परत येताना इवलेसे चक्र फिरते आणि एटीपी हे पेशीचे रोख चलन तयार होते! प्रथम ही कल्पना फार थोड्यांना पटली; १९७८ साली तिलाच नोबेल पारितोषिक लाभले. दिवसभरात आपण जवळजवळ आपल्या वजनाइतके एटीपी घडवतो आणि खर्चतो.

मग म्हातारपण कुठून येते? या व्यवहारात उडणाऱ्या रासायनिक ठिणग्या कणिकांनाच जाळतात, असे अमेरिकेच्या डेन्हम हार्मन यांनी १९७२ साली मांडले. गोष्ट इतकी सरळ नाही, हे पुढे कळले. ठिणग्या विझवणाऱ्या गोळ्यांनी माणसाचे आयुष्य वाढल्याचे काही सिद्ध झालेले नाही. पण वयाबरोबर कणिकांचे काम मंदावते, हे खरे.

आता गंमत ऐका. १९६७ साली जॉन होलोझी यांनी उंदरांना १२ आठवडे पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंतल्या कणिकांचे बळ जवळजवळ दुप्पट झाले! पुढे वृद्ध माणसांच्या स्नायूंतही व्यायामाने कणिका सुधारल्याचे आढळले. लोखंडाचे यंत्र चालवून झिजते. हे बसवून ठेवल्याने झिजते!

"दादा, म्हातारपण टळायचे नाही," मी म्हटले, "पण कोयना बंद ठेवून दिवा कसा लागेल?"

ते काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी छाती तपासून हरकत नाही म्हटले, तेव्हा त्यांनी काठी मागितली. काल वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले. मधल्या मजल्यावर टेकले, दम खाल्ला आणि वर आले. पणत्यांसाठी तेल त्यांनीच आणले होते.