कृष्णविवराच्या हिशेबाचा ताळा

कृष्णविवर कितीही गूढ असले तरी त्याचा एक हिशेब सोपा आहे. क्षितिजाचे क्षेत्रफळ प्लांक एककांत मोजून ४ ने भागले की त्याची एन्ट्रॉपी मिळते, हे बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७०च्या दशकात दाखवले. बाहेरून एकच दिसणारे विवर आतून किती सूक्ष्म अवस्थांत असू शकते, याचे हे माप. स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी १९९६ साली स्ट्रिंग सिद्धांतात काही खास विवरांच्या अवस्था मोजल्या आणि उत्तर जुळले. पण ते मोठ्या विवरांपुरते. विवर लहान असेल तर क्वांटम दुरुस्त्या कराव्या लागतात. त्यांना किरकोळ डागडुजी समजू नये. क्षेत्रफळाचे सूत्र कोणत्याही सिद्धांतात जवळपास तेच राहते, दुरुस्त्या मात्र त्या सिद्धांतात कोणते कण आहेत यावर ठरतात. म्हणून सिद्धांताचा खरा कस तिथेच लागतो.

गडहिंग्लजचे डॉ. अतिश दाभोलकर यांचे काम याची साक्ष देते. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी २०१० पर्यंत संशोधन केले. २०११ साली त्यांनी जोआओ गोमेश आणि समीर मूर्ती यांच्यासह, अशोक सेन यांनी केलेल्या क्वांटम एन्ट्रॉपीच्या व्याख्येच्या आधारे, क्षितिजालगतच्या क्वांटम चढउतारांची बेरीज केली. विवरावरील भारांवरून ठरणारी एक संख्या ७ असते, तेव्हा स्ट्रिंग सिद्धांताच्या मोजणीत ३९ अवस्था येतात. नुसते क्षेत्रफळ धरले तर उत्तर ४०७२ च्या आसपास जाते. दुरुस्त्यांसह ते येते ३८.९८६. ही संख्या ८ असेल तर मोजणी ५६ आणि दुरुस्त उत्तर ५५.७२१.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. ही विवरे अतिसममितीच्या चौकटीतली आहेत, आकाशात दिसणारी नव्हेत. शिवाय दोन्ही बाजू कागदावरच्याच. दुर्बिणीचा पुरावा कुठे आहे? आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. एका बाजूला गुरुत्वाकर्षण नाही, नुसती मोजणी आहे. दुसऱ्या बाजूला अवकाशाची भूमिती आहे आणि तिला पूर्णांकाची काही कल्पना नाही. तरीही ती ३९ च्या इतक्या जवळ येते. सिद्धांतात विसंगती असती तर ती नेमकी इथे उघडी पडली असती. अर्थात या जुळणीने निसर्ग स्ट्रिंगचाच बनला आहे हे सिद्ध होत नाही. पण गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम नियम एका सुसंगत चौकटीत नांदू शकतात, याचा इतका काटेकोर पुरावा क्वचितच मिळतो.