पावातला उंदराचा केस कसा सापडतो?
पाव-बिस्किटांचा चुरा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवतात. पिठूळ भाग विरघळतो. किड्यांचे तुकडे आणि केस टिकतात. खनिज तेल घालून ढवळलं की ते तेलाबरोबर वर येतात, मग गाळणकागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गव्हाच्या पिठात ५० ग्रॅममागे सरासरी ७५ कीटक-तुकडे आढळले तर कारवाई करू शकतं. उंदराचा केस मात्र सरासरी एक असला तरी पुरे. ही कडक भूमिका योग्यच आहे. कारण उंदीर अंग चाटतो, केस पोटात जातात आणि विष्ठेतून बाहेर पडतात; म्हणजे केस सापडला की विष्ठाही मिसळल्याची शंका येते. भारतात २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४०नुसार ग्राहकालाही शुल्क भरून अन्नाची तपासणी करून घेता येते. त्यासाठी पाकीट फेकू नका, त्यावर बॅच क्रमांक असतो.