मानांकित हरतो, ठोका कुणाचा चुकतो?

शांघायच्या मास्टर्स स्पर्धेत १२ ऑक्टोबर २०२५ रोजी मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने विजेतेपद मिळवले आणि टेनिसविश्व चक्रावून गेले. हा खेळाडू जागतिक क्रमवारीत २०४वा होता आणि पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत आला होता. उपांत्य फेरीत त्याने नोव्हाक जोकोविचला सरळ सेटमध्ये हरवले, तर अंतिम फेरीत नात्याने भाऊच असलेल्या आर्थर रिंडरनेकला. या दर्जाची स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकाच्या खेळाडूने यापूर्वी कधीच जिंकली नव्हती.

पिंपरी-चिंचवडमधल्या काही टेनिसवेड्यांना मात्र हे नाव अगदीच परके नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात झालेली चॅलेंजर स्पर्धा याच व्हाशेरोने जिंकली होती. वाकड, हिंजवडीहून मुळा नदी ओलांडली की बालेवाडी. तिथे ज्याला आपण पाहिले तो खेळाडू पुढे जोकोविचला हरवतो, हे पाहताना छाती धडधडली नसती तरच नवल.

बालेवाडीला अशा धडधडीची सवय आहे. चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्यात आली ती २०१८ मध्ये. पहिल्याच वर्षी बिगरमानांकित जिल सिमोंने अग्रमानांकित मारिन चिलिचला उपांत्य फेरीत आणि केविन अँडरसनला अंतिम फेरीत घरचा रस्ता दाखवला. पुढच्या वर्षी ३९ वर्षांचा इव्हो कार्लोव्हिच अंतिम फेरीत पोहोचला. तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेले आणि अँडरसन कसाबसा जिंकला. २०२० मध्ये यिरी व्हेसेलीने लागोपाठ दोन सामन्यांत हरता हरता मॅच पॉइंट वाचवले आणि करंडक उचलला. २०२३ नंतर ही स्पर्धा हाँगकाँगला गेली. बालेवाडीला चॅलेंजर स्पर्धा मिळाली, पण इथला टेनिसप्रेमी आता मेलबर्नपासून न्यूयॉर्कपर्यंतचे सामने मोबाइलवर पाहतो, तेही अनेकदा शिफ्ट सांभाळून. वैद्यकशास्त्राचा संबंध येतो तो इथे.

टेनिसमध्ये घड्याळ नसते. फुटबॉलमध्ये तीन गोलांची आघाडी असेल तर शेवटची दहा मिनिटे चाहता निवांत बसू शकतो. टेनिसमध्ये शेवटचा गुण पडेपर्यंत हरणारा परत येऊ शकतो. त्यातून गुणांचा हिशेबही विचित्र. २०१९च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४. दोन मॅच पॉइंटही फेडररच्या हातात होते. करंडक मात्र जोकोविचने नेला. शिवाय बालेवाडीतल्यासारख्या स्पर्धांमध्ये सामना पाच नव्हे, तीन सेटचा. एखादा खेळाडू दर शंभर गुणांमागे ५५ जिंकण्याइतका सरस असेल, तर साध्या गणिताने तो तीन सेटचा सामना शंभरात सुमारे ९१ वेळा जिंकेल, पाच सेटचा ९५ वेळा. म्हणजे छोट्या सामन्यात दुबळ्याला जवळजवळ दुप्पट संधी. धक्कादायक निकाल हे नशिबाचे खेळ वाटतात, पण त्यांचे बीज खेळाच्या रचनेतच आहे.

हा धक्का मेंदूत नेमका कुठे बसतो? केंब्रिजचे मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की मेंदूतील डोपामिनच्या पेशी जोरात चेततात. पण रस कधी येणार हे एक खूण पाहून कळू लागले की रस मिळाल्यावर त्या पेशी गप्प राहतात. रस तोच आणि गोडीही तीच, फक्त त्यात अनपेक्षित काही उरलेले नसते. आणि अपेक्षित रस आलाच नाही, तर त्याच पेशी नेहमीपेक्षाही शांत होतात. मेंदू बक्षीस मोजतो त्याहून जास्त ‘ठरवले काय आणि घडले काय’ यातला फरक मोजतो. अग्रमानांकित खेळाडू पहिल्या फेरीत ६-२, ६-२ जिंकला तर चाहता जांभई देतो. तोच २०४व्या क्रमांकाच्या खेळाडूकडून हरायला लागला की झोप उडते.

मेंदूतली ही गडबड हृदयापर्यंत पोहोचायला सेकंदही लागत नाही. ॲड्रिनॅलिन वाढते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. कॅनडातील माँट्रियलमध्ये आइस हॉकीच्या निरोगी चाहत्यांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. सामना टीव्हीवर पाहताना ते सरासरी ७५ टक्क्यांनी वाढले, तर मैदानावर बसून पाहताना ११० टक्क्यांनी. म्हणजे मिनिटाला ७० ठोके पडणाऱ्याचे जवळपास १५० पडले, आणि तेही खुर्चीवर बसल्या बसल्या. निरोगी हृदय हे सहज सोसते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचला आहे, त्याच्या बाबतीत तो थर फुटून तिथे गुठळी धरू शकते. हाच हृदयविकाराचा झटका.

२००६च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटना नेहमीच्या २.६६ पट झाल्या. पुरुषांत तर ३.२६ पट. सामना सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन तास सर्वांत धोक्याचे ठरले आणि ज्यांना हृदयविकार आधीपासून माहीत होता, त्यांना धोका अधिक होता. १९९८ मध्ये इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले.

पण चित्र एकतर्फी नाही. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने ब्राझीलला ३-० हरवले, त्या दिवशी फ्रेंच पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू कमी झाल्याचे आढळले. मध्यंतरालाच २-० असल्यामुळे तो सामना टांगणीला लागलेला नव्हता, हेही लक्षात घ्यावे. हे सगळे अभ्यास सांघिक खेळांचे आहेत आणि टेनिसचा चाहता राष्ट्राच्या नावाने इतका पेटत नाही. त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलणे चुकीचे ठरेल. शरीर मात्र तेच असते.

या बाबतीतला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास रुग्णालयातला नाहीच, तो पोलिसांच्या नोंदींवरचा आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकन फुटबॉलमध्ये जिंकणारच असे धरलेला स्थानिक संघ हरला, तर त्या भागात पुरुषांकडून घरातील स्त्रीला मारहाण होण्याच्या घटना सुमारे १० टक्क्यांनी वाढत. संघ हरणार हे आधीच धरून चाललेले असेल, तर अशी वाढ दिसली नाही. अनपेक्षित विजयानेही फारसा फरक पडला नाही. पराभवापेक्षा अपेक्षाभंग घातक ठरला आणि त्याची किंमत मोजली ती सामना न पाहणाऱ्या बाईने. खेळाच्या तणावाबद्दल बोलताना आपल्याकडे फक्त पाहणाऱ्याच्या रक्तदाबाची चौकशी होते, ही अर्धीच चौकशी आहे.

आता चाकणचा विचार करू. तळेगाव-चाकण रस्ता असो, भोसरी एमआयडीसी असो की नाशिक महामार्ग, इथले आयुष्य पाळ्यांवर चालते. पाळीत काम करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त असल्याचे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये मांडले गेले. त्यात भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो. तंबाखू, मधुमेह आणि अपुरी झोप यांची भर वेगळीच.

टेनिसचे वेळापत्रक या झोपेवरच घाला घालते. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ओपनचे रात्रीचे सत्र संध्याकाळी सात वाजता सुरू होते, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. तिथला दिवसाचा खेळ आपल्याकडे रात्री साडेआठच्या सुमारास सुरू होतो आणि मध्यरात्र उलटून जाते. सेकंड शिफ्ट करून रात्री बारा वाजता घरी आलेला कामगार सकाळी सातला उठला असेल, तर तेव्हाच त्याला जागून सतरा तास झालेले असतात. इतक्या जागरणानंतर माणसाची एकाग्रता आणि प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. वाहन चालवण्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्यानंतर तो पाचवा सेट पाहत तीन वाजेपर्यंत जागला आणि सकाळी दुचाकीवरून पोरांना शाळेत सोडायला निघाला, तर त्याला कोणी दारू प्यायलेला म्हणणार नाही, एवढाच काय तो फरक. प्रेसवर किंवा असेंब्ली लाइनवर उभे राहणाऱ्यालाही हेच लागू.

पैजेचा विषय टाळता येत नाही. अनपेक्षित बक्षिसावर चेतणारा मेंदू हेच सट्ट्याचे भांडवल आहे. दुबळ्या खेळाडूवर लावलेले पैसे एकदा दामदुपटीने परत आले, की पुढच्या वीस हरण्यांची आठवण फिकी पडते. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, पण चोरवाटा संपलेल्या नाहीत. पगाराच्या दुसऱ्या आठवड्यातच उसनवारी सुरू झाली, मोबाइल लपवला जाऊ लागला, चिडचिड वाढली, तर घरच्यांनी त्याला वाईट सवय म्हणून शिव्या देण्याऐवजी आजार म्हणून पाहावे. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.

मग सामने पाहूच नयेत का? असे सांगणारा डॉक्टर कोणी ऐकणार नाही आणि तसे सांगायचे कारणही नाही. मित्रांबरोबर बालेवाडीच्या पायऱ्यांवर बसून ओरडणे हा चांगला विरंगुळा आहे. ज्यांना अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, त्यांनी मात्र रंगलेल्या टायब्रेकरच्या वेळी सिगारेट, तंबाखू आणि दारू पूर्ण टाळावी. निकोटिन आणि ॲड्रिनॅलिन एकाच वेळी आले की आकुंचन पावलेली रक्तवाहिनी आणखी आवळते. पहाटेचा सामना दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिला तरी चालतो. फक्त निकाल कानावर पडू न देण्याची कसरत करावी लागते!

छातीच्या मध्यभागी दाब किंवा जळजळ, ती कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे यांपैकी काहीही झाले तर ‘हा सेट संपू दे’ म्हणून थांबू नये. मधुमेही व्यक्तीला आणि स्त्रियांना नुसता थकवा किंवा मळमळ एवढेच जाणवू शकते. ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहण्यात जो तास जातो, त्या तासात हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी स्वतः गाडी चालवू नये, १०८ ला फोन करावा. कंपनीत असाल तर सुपरवायझरला आणि तिथल्या प्रथमोपचार केंद्राला लगेच सांगावे. रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, तसा आग्रह नातेवाइकांनी धरावा.

जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन सुरू होते. मेलबर्नमध्ये सकाळी अकराला पहिला सामना लागतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. झटक्यांचे प्रमाण एरवीही सकाळच्या तासांतच अधिक असते. फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये मोबाइल उघडणाऱ्याने रक्तदाबाची सकाळची गोळी त्याआधी घेतली आहे ना, हे डबा भरताना कोणीतरी विचारलेले बरे.