लघुसंदेश आणि व्यापार

साक्कोट्टै हे कुंभकोणमजवळचे गाव. याच परिसरातील नाच्चियारकोविलचे पितळी दीप प्रसिद्ध आहेत. अशा दीपांच्या कारागिराला दूरचा ग्राहक गाठावयाचा असेल, तर वृत्तपत्रातील जाहिरात त्याला सहसा परवडत नाही. लघुसंदेश सेवा हे अंतर विनामूल्य मिटविते. मग त्या सेवेचा खर्च कोणी भागवावयाचा?

ट्विटर 2006 मध्ये सुरू झाले. मोबाइलवरील संदेश 160 अक्षरांचा असे. त्यांपैकी 20 अक्षरे प्रेषकाच्या नावासाठी राखून 140 मजकुरासाठी ठेवण्यात आली. या संक्षेपाचा लाभ व्यापाऱ्यांनी उठविला. डेल या संगणक कंपनीने सवलतीच्या मालाच्या वार्ता येथे देऊन 2009 च्या मध्यापर्यंत सुमारे 30 लाख डॉलरची विक्री केली. त्याबद्दल ट्विटरला शुल्क मात्र द्यावे लागले नाही. एप्रिल 2010 मध्ये ही स्थिती पालटली. वाचक जो शब्द शोधी, त्याच्याशी निगडित असा मोबदला देऊन पुढे आणलेला संदेश त्याला दिसू लागला. लवकरच ट्विटरचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येऊ लागले.

तथापि लोकप्रियता म्हणजे उत्पन्न नव्हे. 2020 मध्ये निघालेली ‘कू’ ही भारतीय सेवा मराठी व तमिळ या दोन्ही भाषांत उपलब्ध होती. लक्षावधी लोकांनी ती वापरली. परंतु भागीदारीच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि जुलै 2024 मध्ये तिने काम थांबविण्याचे जाहीर केले. तेथे जोडलेले अनुयायीही तिच्याबरोबर गेले. म्हणून कारागिराने अशा सेवेचा उपयोग अवश्य करावा. ग्राहकांची यादी मात्र स्वतःच्या वहीत ठेवावी.