विश्लेषण : पॉवरलिफ्टिंगच्या नवख्यांसाठी साधाच आराखडा का चांगला?

पॉवरलिफ्टिंग हा स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीनच प्रकारांचा खेळ. स्पर्धेत प्रत्येक प्रकारासाठी तीन प्रयत्न मिळतात आणि तिन्ही प्रकारांतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज निकाल ठरवते. खेळ इतका सरळ असला, तरी सरावाचे आराखडे मात्र डझनभर आहेत. नवखे खेळाडू अनेकदा थेट विजेत्यांचा आराखडा उचलतात आणि वर्षभर घाम गाळूनही जिथल्या तिथे राहतात. असे का होते?

नवखा कोणाला म्हणायचे?

किती वजन उचलता येते, यावर हे ठरत नाही. एका सरावाचा ताण पचवून शरीर किती लवकर आधीपेक्षा ताकदवान होते, यावर ठरते. नवख्याला त्यासाठी साधारण दोन-तीन दिवस पुरतात. त्यामुळे तो जवळजवळ प्रत्येक सरावात थोडे वजन वाढवू शकतो. अनुभवी खेळाडूला तेवढ्याच प्रगतीसाठी आठवडे, कधी महिने लागतात.

आकडे काय सांगतात?

स्क्वॉटची सुरुवात ४० किलोंनी केली आणि आठवड्यातून तीनदा प्रत्येकी अडीच किलो वाढवले, तर आठ आठवड्यांत कागदावर ६० किलोंची वाढ होते. प्रत्यक्षात अनेकांची गाडी त्याआधीच अडते, तरी वेग मोठाच असतो. जिम वेंडलर यांच्या ‘५/३/१’मध्ये मात्र स्क्वॉटचे वजन साधारण चार आठवड्यांनी एकदा, सुमारे पाच किलोंनी वाढते. म्हणजे आठ आठवड्यांत १० किलो. हा आराखडा वाईट नाही. तो ज्यांची झटपट वाढ संपली आहे त्यांच्यासाठी अधिक योग्य आहे.

रशियन प्रशिक्षक बोरिस शेइको यांच्या आराखड्यांत वजन कमाल क्षमतेच्या टक्केवारीत दिलेले असते. नवख्याची कमाल क्षमता दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ही टक्केवारी लगेच जुनी होते. शिवाय तंत्र पक्के नसताना इतके सेट मारले, तर चुकीची सवयच घट्ट होते आणि दुखापतीचा धोका वाढतो.

मग निवडायचे काय?

मार्क रिपिटो यांच्या ‘स्टार्टिंग स्ट्रेंथ’मध्ये स्क्वॉटचे पाच आवर्तनांचे तीन सेट असतात, तर ‘स्ट्राँगलिफ्ट्स’मध्ये पाच. पाच सेटांची ही पद्धत बिल स्टार यांनी १९७६च्या पुस्तकात अमेरिकी फुटबॉलपटूंसाठी मांडली होती. दोन्हींत आठवड्याला तीन दिवस सराव, प्रत्येक दिवशी स्क्वॉट आणि डेडलिफ्टचा एकच जड सेट असतो. दोन्हींपैकी कोणताही चालेल.

‘सोमवारी छाती, मंगळवारी पाठ’ ही जिममधली वाटणी शरीरसौष्ठवासाठी ठीक आहे. पण तीत स्क्वॉटची पाळी आठवड्यातून एकदाच येते. पॉवरलिफ्टिंगमध्ये उचलणे हे कौशल्यही आहे, आणि ते वारंवार केल्यानेच येते.

निवडण्यापूर्वी काय तपासावे?

- आठवड्यातले तीन दिवस खरोखर मिळतात का?
- जिममध्ये २० किलोंचा बार, स्क्वॉट रॅक आणि वजन सुटल्यास झेलणारे आडवे दांडे आहेत का? स्मिथ मशीनवरचा स्क्वॉट स्पर्धेच्या कामाचा नाही.
- सव्वा किलोच्या प्लेट आहेत का? त्या नसतील तर वाढ एकदम पाच किलोंची होते आणि बेंच प्रेस लवकर अडतो.
- स्क्वॉटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या भागाखाली जातो की नाही, हे पाहणारे कोणी आहे का? स्पर्धेत हीच खोली मोजली जाते.

पाठीचा किंवा रक्तदाबाचा जुना त्रास असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आराखडा कधी बदलायचा?

एकदा वजन सुटले म्हणून नव्हे. सलग तीन सरावांत तेच वजन अडले, तर १० टक्के कमी करून पुन्हा चढत जावे. पुरेशी झोप आणि पोटभर, प्रथिनयुक्त जेवण असूनही असे दोन-तीनदा घडले, तर झटपट वाढीचा काळ संपला असे समजावे. मग आठवड्याला वाढ देणारा, त्यानंतर ‘५/३/१’सारखा आराखडा घ्यावा. नवखेपणाचा हा वेग पुढच्या वर्षांत सहसा मिळत नाही. म्हणून तो आधी पुरता वापरून घेणे शहाणपणाचे.