रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर का अडतं?

गोळ्या झाडल्यावर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर (काडतुसं बसवायचं फिरतं चक्र) जड फिरू लागलं की आतली स्प्रिंग गेली, असा अनेकांचा समज होतो. कारण बहुधा साधं असतं. सिलिंडर आणि नळी यांच्यात जेमतेम 0.15 मिलिमीटर फट असते. तिथे काजळी साचली, किंवा एक्स्ट्रॅक्टरखाली (रिकामी टरफलं बाहेर ढकलणारा चांदणीसारखा भाग) न जळलेल्या दारूचा एक कण जरी राहिला, तरी सिलिंडर घासतं. बिजागरीत खडा अडकल्यावर दार अडतं तसं. जोर लावणं किंवा कानस मारणं हा उपाय नव्हे, त्याने फट कायमची बिघडते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून हत्यार आधी पूर्ण रिकामं करावं आणि चांदणीखालचा भाग कोरड्या ब्रशने झाडावा. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) टरफलाच्या बुडाबाहेर आलेला दिसला, तर मात्र गोळीबार थांबवून हत्यार परवानाधारक कारागिराला दाखवावं.