नावातली वंशावळ

बत्हात कुठलाही फॉर्म भरताना तुम्ही स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहिता. अरबी नावातही 'बिन' लावून वडील येतात. ही झाली छोटीशी वंशावळ. पण तिच्यात आई कुठे आहे?

कोसोवोतल्या ग्राचानित्सा चर्चच्या भिंतीवर सुमारे १३२१ साली सर्बियाच्या नेमानिच राजघराण्याचा वेल रंगवला गेला. तळाशी मूळपुरुष स्टेफान नेमान्या, शेंड्याला राजा मिलुतिन. मिलुतिनला गादी मिळाली ती १२८२ मध्ये, थोरला भाऊ द्रागुतिन पायउतार झाल्यावर. वेल मात्र सांगतो, शेंडा इथेच यायचा होता! नमुना ख्रिस्ताच्या वंशवृक्षाचा, त्यामुळे दाव्याला धर्माचं बळ मिळालं.

त्याच्या सुमारे चौदाशे वर्षं आधी जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांनी आपलं कुटुंब दगडात कोरलं होतं. पुतळे गेले, ब्राह्मीतली नावं उरली: सिमुक, सातकर्णी आणि राणी नागनिकासुद्धा.

आता गणित पाहा. दहा पिढ्या मागे तुमच्या पूर्वजांच्या जागा होतात १०२४. आडनावाची वाट त्यांतल्या एकाच जागेपर्यंत पोचते. शुक्रवारी घरी फोन लावाल, तेव्हा आजीच्या आईचं नाव विचारून लिहून ठेवा.